फुटाळ्याचा सूर्यास्त आता पुरे! नागपुरात फोटोसाठी अनोळखी जागा सुचवा

फुटाळा_फेम | रविवार, रात्री ११.४०

मंडळी, परवा हार्ड डिस्क भरली म्हणून जुने फोटो उडवायला बसलो. फुटाळा तलावाच्या फोल्डरात शिरलो आणि पार बसलो. २०१९ चा एक फोटो आणि मागच्या महिन्यातला एक शेजारी-शेजारी ठेवले. तीच पाळ, तसाच केशरी गोळा, उजव्या कोपऱ्यात तोच कणीसवाल्याचा धूर. तारीख झाकली तर माझं मलाच सांगता आलं नसतं की कोणता कधीचा.

अंबाझरी झाली, दीक्षाभूमी झाली, झिरो माइलचे चारही घोडे चारही बाजूंनी झाले. रामटेकच्या गडावरून खालची धुक्यातली शेतं झाली. सगळे फोटो "मस्त रे" म्हणण्याइतके बरे आहेत, पण दोन महिने झाले, कॅमेरा बॅगेतून काढावासा वाटत नाही.

सामान साधंच आहे: जुना डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आणि एक ५० मिमीची, एफ १.८ वाली. गाडी आहे, रविवार मोकळा असतो. पर्यटनस्थळं नकोत, गूगलवर पहिल्या पानावर येतात तीसुद्धा नकोत. जिथं मी कधी गेलो नसेन अशी जागा सांगा.

तर्रीवाला | रविवार, रात्री ११.५८

भौ, फुटाळ्यावर तू एकलाच नाही, अर्धं नागपूर ट्रायपॉड लावून उभं रायते. मी तं आता तिकडे फक्त कणीस खायले जातो 😄

माह्यावालं ऐक. बर्डीवरून (सीताबर्डी) मेट्रो पकड आणि शेवटच्या स्टेशनवर उतर. प्रजापतीनगर, ऑटोमोटिव्ह चौक, खापरी, लोकमान्यनगर. चारच टोकं आहेत, चिठ्ठ्या टाक. उतरला की पायी वापस ये, जेवढं जमंन तेवढं. गाडी नेऊ नको. गाडीवर माणूस जागा पाहात नाही, रस्ता पाह्यते. कामठी रोडनं आला तं गड्डीगोदामजवळ थांबजो. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. चार मजली वाहतूक एका फ्रेममधे मावते का पाह्य.

जुना_रोल | सोमवार, सकाळी ७.१५

मला हे "नवी जागा" प्रकरण कधीच पटलेलं नाही. आमच्या वेळी ३६ फोटोंचा एक रोल महिनाभर पुरवायचो. महालातल्या एकाच गल्लीत चार महिने काढलेत मी. सॉल लायटर नावाचा अमेरिकन फोटोग्राफर १९५२ पासून २०१३ मध्ये वारेपर्यंत न्यूयॉर्कच्या एकाच वस्तीत, एकाच घरात राहिला. त्याची उत्तमातली उत्तम चित्रं घराच्या आसपासच्या रस्त्यांवरची: वाफ धरलेल्या काचा, छत्र्या, बर्फ. त्याला कुणी शेवटच्या स्टेशनवर उतरायला सांगितलं नव्हतं.

कंटाळा जागेचा नसतो. तुम्ही फुटाळ्याला सूर्यास्तालाच का जाता? दुपारी दोनला गेलात कधी?

फुटाळा_फेम | सोमवार, सकाळी ९.०२

@जुना_रोल काका, दुपारी दोनला ऑफिसात असतो, आणि मे महिन्यात दोनला तिथं उभं राहिलो तर तुम्हालाच माझा फोटो काढावा लागेल, हार घातलेला. पण मुद्दा कळला.

खगोल_खटपट | सोमवार, दुपारी १.२०

दुपारचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. नागपूर साधारण २१.१५ अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे २६ मेच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली क्षणभर नाहीशी होते. ते बाराच्या ठोक्याला होत नाही हं, बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतं, कारण आपली घड्याळं ज्या रेखांशावर चालतात तो आपल्या पूर्वेला आहे.

फोटोवाल्यांच्या कामाची गोष्ट पुढे आहे. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या *उत्तरेला* असतो. वर्षभर सावलीत कुजणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींवर तेवढे दिवस दुपारचं ऊन वरून घसरत येतं. महालातल्या जुन्या वाड्यांचा खडबडीत चुना, विटा, खिळे, सगळं उठून दिसतं. जूनमध्ये ढग आले की संपलं. म्हणजे हातात जेमतेम दोन-अडीच आठवडे, तेही नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सोसून. दुपट्टा बांधून जा, कांदा खिशात ठेवा.

जुना_रोल | सोमवार, दुपारी १.४४

हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आभार.

निळी_ताडपत्री | सोमवार, रात्री १०.१०

मी चितारओळ, म्हणजे मूर्तिकारांची गल्ली, सुचवते. आत्ता जानेवारीत नव्हे, आषाढ-श्रावणात. गणपती रंगायच्या *आधी* जा. रंगलेल्या मूर्ती सगळेच काढतात. ओल्या मातीचे, हात नसलेले, डोळे नसलेले गणपती ओळीनं भिंतीला तोंड करून वाळत असतात, ते बघा एकदा. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी होते आणि त्या वेळी मूर्तिकाराशी कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका, शटरचा आवाजही नको.

एक अडचण आधीच सांगते. पावसामुळे अख्ख्या गल्लीवर निळ्या ताडपत्र्या असतात. उजेड मऊ, सुंदर, पण सगळं निळं. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) गोंधळतो, माती जांभळट दिसते. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि पहिल्या फ्रेममध्ये पांढरा रुमाल धरा, घरी आल्यावर त्यावरून रंग सुधारता येतो. माझं टोपणनाव तिथूनच आलंय.

आणि हो, बाईमाणसासाठी "अनोळखी जागा" हा सल्ला एवढा सरळ नसतो. पहाटे पाचला एकटीनं अनोळखी वस्तीत उतरायचं म्हणजे आधी घरचे, मग तिथले, मग रिक्षावाला, सगळ्यांना उत्तरं द्या. मी वहिनीला घेऊन जाते. तिला फोटोत शून्य रस, पण ती बायकांशी गप्पा मारत बसते आणि दारं उघडतात.

तर्रीवाला | सोमवार, रात्री १०.३१

मारबत राह्यली नं बाप्पा!

निळी_ताडपत्री | सोमवार, रात्री १०.४७

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, आता माणसांपेक्षा कॅमेरे जास्त असतात. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, पण फोटो सगळ्यांचा एकच: दोघी समोरासमोर आणि मध्ये गर्दीचे हात. त्यापेक्षा पोळ्याच्या आठ दिवस आधी जागनाथ बुधवारीत पिवळी तयार होत असते तेव्हा जा. अर्धवट बांबूचा सांगाडा आणि त्याच्या खाली बसून डबा खाणारी पोरं.

इंजिन_ड्रायव्हर | मंगळवार, सकाळी ६.५०

कडबी चौकात मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२ पासून. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी इंजिनं. शाळेची सहल नसेल अशा दिवशी जा. चाकं, रिव्हेट, गंज काढायला ५० ची लेन्स पुरेल. इतवारी-नागभीड छोटी गाडी चालू होती तेव्हा खिडकीतून एक रोलसुद्धा काढला नाही, याचं अजून वाईट वाटतं. २०१९ मध्ये ती बंदच झाली.

फुटाळा_फेम | पुढचा रविवार, रात्री ९.२५

हिशेब द्यायला आलोय. चिठ्ठी टाकली, प्रजापतीनगर निघालं. सकाळी साडेसातला उतरलो आणि कळमन्याच्या दिशेनं चालत सुटलो.

फोटो २१४. ठेवण्यासारखा एकही नाही.

एका गोदामाबाहेर संत्र्याच्या पेट्या उतरत होत्या. कॅमेरा वर केला तर चौकीदार आला, "कोण्या पेपरचे?" म्हणाला. कुठल्याच नाही म्हटल्यावर तर जास्तच संशय. गेटाबाहेर काढलं. बरोबरच होतं त्याचं, मी विचारलं नव्हतं.

पण खरी फजिती घरी आल्यावर कळली. २१४ पैकी निदान दीडशे फोटोंत वरचा दोनतृतीयांश भाग आकाश आणि खाली बारकासा माणूस, काळी सावली झालेला. ट्रकवाला, हमाल, चहावाला, गाय, सगळे फुटाळ्याच्या पाळीवर उभे केल्यासारखे! तलाव नसताना मी तलावाचेच फोटो काढून आलो.

तर्रीवाला | रविवार, रात्री ९.३३

😂😂 तलाव डोक्यात घेऊन गेल्ता बे तू

जुना_रोल | रविवार, रात्री १०.०५

हसू नका, हे उत्तम झालं. निदान रोग सापडला. आता औषध घ्या: महिनाभर आकाश बंद. फ्रेममध्ये आकाशाचा एक तुकडासुद्धा आला की फोटो बाद. १८-५५ घरी ठेवा, ५० च न्या. तुमच्या कॅमेऱ्यावर ती जवळजवळ ७५-८० मिमीच्या लेन्ससारखी दिसते, त्यामुळे रुंद काही घेताच येणार नाही. जवळ जावं लागेल, आणि जवळ जायचं म्हणजे बोलावं लागेल. चौकीदाराशीसुद्धा.

(आणि हो, मेट्रोचं तिकीट वाया गेलं नाही हे कबूल करतो. फुटाळ्यावर हा रोग कळला नसता, तिथं सगळेच आजारी असतात.)

निळी_ताडपत्री | सोमवार, सकाळी ८.२०

आकाश बंद करायचंच असेल तर मिरचीच्या सातऱ्यावर जा. कुही तालुक्यात मांढळकडे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मोकळ्या रानात लाल मिरचीचे गालिचे पसरलेले असतात आणि बायका रांगेनं बसून देठ खुडतात. नजर आपोआप खाली जाते.

तीन गोष्टी पाळा. आधी सातरा कुणाचा आहे ते विचारून मालकाला भेटा, मग बायकांना विचारा, मालकाचा होकार म्हणजे त्यांचा होकार नव्हे. तिथं लेन्स बदलू नका. आणि काहीही झालं तरी मिरचीला हात लावू नका.

फुटाळा_फेम | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.५०

मिरचीला हात लावला.

सविस्तर सांगतो. सकाळी सहाला निघालो, आठच्या आत पोचलो. मालक भला माणूस, "काढा जी, पण आमच्या बायांच्या कामात खोळंबा नका करू" म्हणाला. बायांना विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "कायले काढता जी? आमचे फोटो का पेपरात येणार हायेत?" नाही म्हटलं. "मंग काढा." म्हणजे कळमन्याच्या बरोब्बर उलटं!

अर्धा तास मन लावून काढले. आकाश बंद होतंच. मग एक मिरची उचलून पाहिली, वाजते कशी ते. खुळखुळ्यासारखी वाजते हो! त्याच हातानं कॅमेरा धरला, डोळ्याला लावला. व्ह्यूफाइंडरचं ते काळं रबर असतं ना, त्यावर बोट फिरलेलं होतं.

पुढचे चाळीस मिनिटं उजवा डोळा बंद. पाणी मारलं तर आणखी पेटलं. आख्खी रांग हसून लोटपोट. त्या म्हातारीनं आधी माझ्या हातांना खोबरेल तेल चोळायला लावलं, मग फडक्यानं पुसायला, मग पाणी. "शहरातले पोट्टे," एवढंच म्हणाली.

मग बसलो. कॅमेरा मांडीवर, डावा डोळा उघडा. करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून नुसता बघत बसलो. दहा मिनिटांत त्या मला विसरल्या. तेव्हा दिसलं की प्रत्येकीच्या दोन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या आहेत. दिसलं की एकीला ठसका लागला की तो रांगेतून पुढे पुढे सरकत जातो, शेवटच्या बाईपर्यंत, आणि मग सगळ्या क्षणभर गप्प होतात. लाल मिरची एकीकडे आणि खुडलेल्या देठांचे फिकट, वाळल्या गवतासारखे ढीग प्रत्येकीच्या डाव्या गुडघ्याशी. कुणाचा ढीग किती, यावर सगळ्यांचं तिरपं लक्ष. एक लहान पोर बारदान्यावर झोपलेलं, तोंडावर ओढणी, ती त्याच्या श्वासानं वरखाली होत होती.

डोळा उघडल्यावर फक्त अकरा फोटो काढले. त्यातला एक ठेवलाय: दोन हात, चिंध्या, खाली देठांचा ढीग. लाल रंग जेमतेम एका कोपऱ्यात.

जुना_रोल | रविवार, रात्री ९.१५

पाहिला. पहिल्या अर्ध्या तासातले टाका ना एक-दोन, तुलनेला.

फुटाळा_फेम | रविवार, रात्री ९.२२

टाकतो, पण लाज वाटते. शिवाय सगळ्यांत लाल रंगाचा नुसता चिखल झालाय. मिरच्या सुट्या दिसतच नाहीत, रंगाचा डबा सांडल्यासारखं दिसतंय. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) तर एकदम ठीक दाखवत होता, काही जळलेलं नव्हतं. असं का?

लेन्स_डॉक्टर | रविवार, रात्री ९.५०

हा प्रश्न जास्वंदीवाल्यांचा आणि लग्नातल्या शालूवाल्यांचाही असतो. कॅमेरा तो एकटा पांढरा हिस्टोग्राम दाखवतो त्यात हिरव्या रंगाचं वजन सर्वांत जास्त असतं. तुमच्या फ्रेममध्ये हिरवं जवळपास नव्हतंच, त्यामुळे तो निवांत दिसला आणि तिकडे लाल चॅनल कधीच भरून वाहून गेला. मेनूत जाऊन लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगळे हिस्टोग्राम चालू करा. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे उजेड निम्मा, आणि रॉच काढा. पिक्चर स्टाइल व्हिव्हिडवर, म्हणजे भडक रंगांवर, असेल तर तो आधी बदला. वाळल्या मिरचीची साल चकाकते, तिथं पोलरायझर फिल्टर लावलात तर पांढरी चमक जाते आणि सालीवरच्या सुरकुत्या दिसतात. पण त्यानं लाल आणखी गडद होतो, तेव्हा तिन्ही हिस्टोग्राम बघत राहा.

मोबाइलवर तर लाल रंग याहून जास्त भडकतो. तिथं बोटानं उजेड खाली ओढा, एवढंच हातात आहे.

तर्रीवाला | रविवार, रात्री १०.००

आणि डोळ्याले तेल चोळा 😄

निळी_ताडपत्री | रविवार, रात्री १०.१२

मी सांगितलं होतं. काहीही झालं तरी. शब्द न् शब्द वर आहे.

त्यांना प्रिंट नेऊन द्या मात्र. मोबाइलवर दाखवणं वेगळं.

फुटाळा_फेम | पुढचा रविवार, संध्याकाळी ७.३०

दिले आज. चार बाय सहाचे वीस प्रिंट नेले होते. चेहऱ्यांचे सगळ्यांनी आपापले घेतले, काहींनी लगेच ब्लाउजात सारले. म्हातारीनं स्वतःचा लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "ठसका लागला तवाचाच भेटला का गा तुले?" दुसरा काढून द्यायचं कबूल केलंय.

गंमत त्या हातांच्या फोटोची झाली. तोंड नाही म्हटल्यावर तो कुणाचा यावर भांडण. माझ्याही लक्षात नव्हतं. तिघींनी हक्क सांगितला. मग बांगड्या मोजल्या, चिंधीचा रंग पाहिला. एक म्हणाली त्या दिवशी माझी चिंधी पिवळी होती, दुसरी म्हणाली पिवळी तं माही होती. शेवटी देठांच्या ढिगावरून निकाल लागला. "एवढा ढीग फक्त हिचाच रायते," म्हणून सगळ्यांनी एकीकडे बोट दाखवलं. ती रांगेच्या टोकाला बसली होती, या वादात पडलीच नव्हती. तिनं प्रिंट घेतला, पाहिला, उलटा करून मागची पांढरी बाजूही पाहिली आणि विचारलं, "तोंड काऊन नाई काढलं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. आज तिचा चेहरा काढला. जरा हलला आहे.

जुना_रोल | रविवार, रात्री ८.०५

एकाच जागी दोनदा गेलात. म्हणजे आता ती अनोळखी राहिली नाही. माझ्या पहिल्या प्रतिसादाची आठवण करून देतो, बाकी काही म्हणणं नाही.

फुटाळा_फेम | रविवार, रात्री ८.११

काका, तुम्ही महालातल्या गल्लीतून बाहेर पडून एकदा चला ना. येत्या रविवारी तिसऱ्यांदा जातोय, हललेला चेहरा नीट काढायचा आहे आणि म्हातारीचा बिनठसक्याचा. सहाला केपीवर (कस्तुरचंद पार्क) तर्री-पोहे, साडेसहाला निघू. हेल्मेट दुसरं आहे माझ्याकडे.

जुना_रोल | रविवार, रात्री ८.३०

गुडघा विचारून सांगतो. रोल चालेल ना तिथं? एकच शिल्लक आहे, ३६ चा.

निळी_ताडपत्री | रविवार, रात्री ८.३४

मी आणि वहिनी बसनं येऊ. आणि तेलाची बाटली मी आणते, फेम साहेबांच्या भरवशावर नाही.